पुनश्च पाटीवर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवप्रसंगी गतकाळाची थोरवी गावी, असा शिरस्ता आहे. आपल्या वाडवडिलांनी देऊळ उभारिले व त्याच्या सावलीत मुलांस अक्षरओळख करून दिली, हे आपण जाणताच. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मला आज एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. ती चूक माझी आहे, आणि तिचा संबंध विद्येशी असल्याने ती याच मेळाव्यात सांगणे उचित होय.

काही वर्षांपूर्वी आपल्यातील एक भगिनी मजकडे सल्ला मागण्यास आली. वय चाळिशीच्या पुढे. विवाहापूर्वी ती बी.ए. झाली होती, आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांस शिकविण्यात तिची वर्षे गेली होती. "फादर, बी.एड. करून शिक्षिका व्हावे असे मनात आहे," ती म्हणाली. मी उत्तर दिले, "अगं, आता शिकण्याची वेळ तुझ्या मुलांची, तुझी नव्हे." तिने माझा शब्द प्रमाण मानला. प्रवेश-परीक्षेच्या अर्जाची मुदत टळून गेली. त्या वयात एक वर्ष गमावणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले नाही.

वास्तविक ते मला उमगावयास हवे होते. लोयोलाचे संत इग्नेशियस यांचे चरित्र सेमिनरीत आम्हांस मुखोद्गत होते. 1521 साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात जखमी झालेला तो योद्धा 1524 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या सुमारास, बार्सिलोना येथे पोरासोरांच्या बाकावर बसून लॅटिन व्याकरण शिकू लागला. 1528 साली तो पॅरिसला गेला आणि 1535 साली एम.ए. झाला. ज्यांच्या संघाने पुढे देशोदेशी शाळा काढिल्या, त्यांचा संस्थापक स्वतः उशिरा आलेला विद्यार्थी होता. हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले होते. परंतु दारात आलेल्या भगिनीला सांगण्यास विसरलो.

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली. या वेळी सल्ला मागावयास नव्हे, आशीर्वाद मागावयास. प्रवेश-परीक्षा संगणकावर द्यावयाची होती, आणि माऊस कसा धरावा हेही तिला ठाऊक नव्हते. धाकट्या मुलाने रात्री जेवणे आटोपल्यावर तिला ते शिकविले. पुत्र गुरू, माता शिष्या. त्या घरात अभ्यासाची वेळ दोघांची एकच झाली.

बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आहे, आणि त्यातील वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे असतात. माहिती-तंत्रज्ञानाचा विषयही त्यात आहे. पहिल्या सरावपाठाच्या दिवशी तिची मोठी फजिती झाली. घरी रात्र जागून तयार केलेला पाठ शाळेच्या संगणकावर उघडला, तो पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी निव्वळ अगम्य चिन्हे! घरचा फाँट शाळेच्या यंत्रात नव्हता. वर्ग हसला. तिच्या कन्येच्या वयाच्या एका सहाध्यायिनीने तिला युनिकोडमध्ये टंकलेखन करावयास शिकविले. तसे लिहिलेली अक्षरे कोणत्याही संगणकावर वाचता येतात. लाज बाजूस सारून तिने सारा पाठ पुन्हा लिहून काढिला.

ही अडचण काही नवी नव्हे. भारतातील पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला. तरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले, ते रोमन लिपीत. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. साधन अपुरे म्हणून त्या परदेशी धर्मगुरूने मराठी सोडिली नाही.

आता तिच्या एका पाठाची हकीकत सांगतो. तो मी स्वतः मागील बाकावर बसून पाहिला. विषय भरती-ओहोटी. पडद्यावर पृथ्वीभोवती चंद्र फिरत होता. एवढ्यात एक मुलगा उठला. घरची होडी असलेला. एरवी वर्गात तोंड न उघडणारा. "बाई, भरती रोज पाऊण तासाहून जास्त उशिरा येते. बाबांना वेळ धरावी लागते." बाईंनी पडदा तेथेच थांबविला आणि त्या मुलास पुढे बोलाविले. चंद्र दररोज आपल्या मार्गावर थोडा पुढे सरकतो, म्हणून तो पुन्हा आपल्या डोक्यावर येण्यास पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटे अधिक फिरावे लागते, हे त्या पडद्यावरील चित्रावरून त्यानेच वर्गाला समजावून दिले. पडद्याने चंद्र दाखविला. परंतु मुलगा पाहिला तो बाईंनी.

बंधुभगिनींनो, तंत्रज्ञानाविषयी माझे म्हणणे एवढेच. जानेवारी 2025 मध्ये व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे टिपण प्रसिद्ध केले, त्यातही शिक्षकाच्या प्रत्यक्ष सान्निध्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही, असाच आशय आहे. तथापि, यंत्राला भिऊन दूर राहणारा शिक्षक पुण्यवान ठरतो, असे मात्र त्यात कोठेही नाही.

मी गोड चित्र रंगवू इच्छीत नाही. ती भगिनी आज एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकविते. मिळकत बेताची आहे. ज्यांस या मार्गाने जावयाचे आहे, त्यांनी नीट चौकशी करावी. पहिली ते पाचवीस शिकवावयाचे असल्यास बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. लागते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट 2023 मध्ये झाला आहे. आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही द्यावी लागते. हे सारे जाणूनही जिला किंवा ज्याला शिकावेसे वाटेल, त्याला वय विचारू नये.

महोत्सवाची स्मृती म्हणून माझी एकच विनंती आहे. धर्मग्रामाच्या सभागृहाशेजारील खोली सायंकाळी अभ्यासासाठी उघडी ठेवू या. तेथे एक-दोन संगणक असावेत, आणि आपल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ थोरांस शिकवावे. किल्ली मजकडे राहील. आणि पुन्हा कोणी दार ठोठावून "फादर, शिकावेसे वाटते" असे म्हणेल, तर मी प्रथम खुर्ची पुढे करीन, मग बोलेन.

ही हकीकत तिच्या परवानगीने सांगितली. तिचे जे एक वर्ष माझ्यामुळे गेले, त्याबद्दल आपणां सर्वांसमक्ष मी तिची क्षमा मागतो.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.