तुटलेली चेन आणि गळते तेल

बेलापूरच्या खाडीकाठी दिवाळे नावाचे कोळ्यांचे जे जुने गाव आहे, त्याच्या सभोवार १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवे शहर वसवले आणि रुंद रस्ते आखले. तरी होड्या धक्क्याला लागल्यावर मासळीची पाटी बाजारापर्यंत पोहोचवण्याची कामगिरी मोटारसायकलवर पडते, आणि तिच्यावर खाडीचा जो अंमल चालतो तो डांबरी रस्त्यांनी यत्किंचितही उणावलेला नाही. खारा वारा, पाटीतून ठिबकणारे बर्फाचे खारट पाणी, ओहोटीनंतरचा चिकट गाळ आणि उरणच्या बंदराकडे धावणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांनी उधळलेली बारीक रेती, या सर्वांचा मारा प्रथम सोसते ती मागच्या चाकाला गती देणारी चेन. ती तुटणे ही अशा ठिकाणी अपूर्व घटना नव्हे. मला आज बोलावयाचे आहे ते त्यानंतरच्या प्रसंगाविषयी : नवी चेन बसते, गाडी पूर्ववत चालू लागते, आणि काही दिवसांनी तिच्याखाली तेलाचा डाग दिसू लागून मालक आणि कारागीर दोघेही बुचकळ्यात पडतात.

मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली जी बुश असलेली रोलर चेन सिद्ध केली, तिचेच तत्त्व आजही आपल्या मोटारसायकलींत वावरत आहे. हिच्यात प्रत्येक कडीतील पिन एका पोकळ बुशमध्ये फिरते आणि झीज होते ती या दोहोंच्या मध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. ‘चेन लांबली’ असे आपण म्हणतो, पण पोलादाच्या पट्ट्या ताणून लांबलेल्या नसतात. शंभरावर सांध्यांतील किंचित किंचित झीज एकत्र होऊन ती लांबी भरते. मीठ आणि रेती आत शिरली म्हणजे ही झीज झपाट्याने वाढते, आणि एखादे दिवशी पट्टी तडकते किंवा चेन-लॉकची क्लिप निसटून पडते.

तुटलेली चेन मागे रस्त्यावर सरळ पसरली तर निभावले म्हणावे. परंतु पुष्कळदा तिचे मोकळे टोक पुढच्या लहान स्प्रॉकेटबरोबर फिरत जाऊन स्प्रॉकेट आणि इंजिन यांमधल्या बोटभर जागेत शिरते, मागून येणाऱ्या कड्या त्यावर गोळा होतात आणि फिरत्या शाफ्टच्या संपूर्ण बळानिशी त्या शेजारच्या भिंतीवर आदळतात. ही भिंत ॲल्युमिनियमची, ओतीव आणि फारशी जाड नसलेली असते. तिच्याच आसमंतात स्प्रॉकेटच्या शाफ्टचे ऑइल सील, बहुधा त्याच्या खालच्या अंगाला गिअर बदलण्याच्या शाफ्टचे सील, अनेक गाड्यांत न्यूट्रलचा स्विच आणि काहींत क्लचच्या पुश-रॉडचे सील, अशी तेल अडवून धरणारी सर्व ठाणी दाटीवाटीने बसलेली असतात. चेनच्या एका तडाख्यात यांपैकी कोणतेही दुखावले जाऊ शकते, आणि ते त्याच क्षणी गळू लागेल असेही नाही.

या गळतीची उपेक्षा का करू नये, तेही सांगतो. स्प्लेंडरसारख्या चार-स्ट्रोक गाडीत इंजिन, क्लच आणि गिअर या तिघांचा निर्वाह सुमारे एक लिटर तेलावर चालतो. म्हणून गिअरच्या शाफ्टपाशी गळणारे तेल हे इंजिनचेच तेल असते, आणि ते सरले की पिस्टन जॅम होतो. आरएक्स १०० सारख्या जुन्या दोन-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचे तेल स्वतंत्र असते; तिथे याच जागेची गळती इंजिनला नव्हे, तर गिअरना उपाशी मारते. शिवाय हे तेल मागच्या टायरवर उडाले तर पावसाळ्यात वळणावर जे होईल ते सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की तेलाची कांडी पाहून, पातळी उतरली असल्यास भरून घ्यावी. आणि दुसरी ही, की गाडी धुण्याची घाई करू नये. ज्याप्रमाणे घरफोडी झालेल्या घरात पंचनामा होण्यापूर्वी केर काढत नाहीत, त्याप्रमाणे पुढच्या स्प्रॉकेटवरचे झाकण उघडून आतली स्थिती आहे तशी पाहिली पाहिजे. भिंतीवर अर्धवर्तुळाकार चकचकीत ओरखडे असतील तर चेन तिथे घासली आहे. एखादा ताजा खळगा असेल तर ती तिथे आदळली आहे. आणि त्या खळग्यापासून केसासारखी बारीक काळी रेषा निघाली असेल, तर सील बदलण्याची चर्चा बाजूला ठेवून प्रथम त्या रेषेची चौकशी करावी. तुटलेली जुनी चेनही भंगारात देऊ नये. तिच्या वाकलेल्या कड्या आणि पट्ट्यांवर चिकटलेली ॲल्युमिनियमची पांढुरकी पूड यांइतकी विश्वसनीय साक्ष दुसरी मिळत नाही. माझ्या मते अर्धे निदान या अवलोकनातच होऊन जाते, आणि नेमके हेच अवलोकन नवा चेन-सेट चढवण्याच्या गडबडीत राहून जाते.

सर्वच काळे द्रव्य इंजिनचे नसते, हेही ध्यानात असावे. नव्या चेनवर जळके तेल सढळ हाताने ओतण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्यामुळे पुढील काही दिवस तेल झाकणाच्या तळाशी साचून ठिबकत राहते आणि निष्कारण इंजिनवर आळ येतो. चेनवरून उडालेले तेल दाट, चिकट, रेतीने खरबरीत आणि स्प्रॉकेटच्या फिरण्याच्या दिशेने फेकल्यासारखे पसरलेले असते. सीलमधून येणारे तेल पातळ असून शाफ्टच्या मुळाशी ओलसर कडे धरते. मात्र इंजिनातही जुने काळे तेल असले की दोहोंत भेद करणे कठीण जाते. म्हणून आता धुवावे : रॉकेल आणि ब्रश घेऊन, टॅपेटच्या झाकणापासून तळाच्या बोल्टापर्यंत, कानाकोपऱ्यासह, आणि मग कोरडे पुसून घ्यावे. हे काम धक्क्यावर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्या ठाण्याच्या खाडीच्या एका भागाला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली, तिच्याशी हे पाणी भरती-ओहोटीने जोडलेले आहे. आणि पक्ष्यांची गोष्ट घटकाभर दूर ठेवली तरी निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी यांवर ज्यांचे घर चालते त्यांनीच त्या गाळात रॉकेल मिसळावे हे बरे नव्हे. खाली पत्र्याची परात धरावी आणि साचलेले घाण तेल टाकाऊ तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

पुसून कोरड्या केलेल्या भागावर साध्या अंगाच्या पावडरीचा पातळ थर भुरभुरावा आणि गाडी मधल्या स्टँडवर लावून इंजिन गरम होऊ द्यावे. पांढऱ्या थरावर जो पहिला ओला ठिपका उमटेल तो आपला खरा धागा. शोध नेहमी वरून खाली घ्यावा, कारण तेल उतरत जाते आणि चालत्या गाडीत वारा त्याला मागे ढकलतो; सिलिंडरच्या पॅकिंगमधून निघालेले तेल पंख्यांवरून ओघळून बरोबर चेनच्या झाकणापाशी येऊन थांबते, आणि निरपराध सीलची हकालपट्टी होते.

यानंतर कालाची साक्ष घ्यावी. एक रात्र गाडी मधल्या स्टँडवर आणि दुसरी रात्र बाजूच्या स्टँडवर, खाली स्वच्छ पुठ्ठा घालून, उभी करावी. बाजूच्या स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि आतले तेल डाव्या भिंतीवर चढते. म्हणून केवळ त्याच रात्री डाग पडला, तर गिअर बदलण्याच्या शाफ्टचे सील किंवा भिंतीतील चीर यांवर संशय बळावतो. उभी असताना कोरडी आणि चालवल्यावर मात्र ओली होणारी गाडी बहुधा स्प्रॉकेटच्या शाफ्टकडे बोट दाखवते, कारण पुष्कळ इंजिनांत तो शाफ्ट तेलाच्या स्थिर पातळीच्या वर असतो आणि गिअर फिरून तेल उसळले तरच त्याच्यापर्यंत ते पोहोचते.

सील सापडले तरी तपास संपत नाही. चेन काढून स्प्रॉकेट हातात धरावे आणि वर-खाली हलवून पाहावे. पट्टीने अडकवलेले स्प्रॉकेट आत-बाहेर थोडे सरकते, ते स्वाभाविक आहे. पण शाफ्टसकट वर-खाली हालचाल जाणवली तर बेअरिंग गेले आहे, आणि अशा शाफ्टवर बसवलेले नवे सील लवकरच पुन्हा गळणार. गिअर बदलण्याचा शाफ्ट वाकला असेल तर त्याचीही हीच कथा. काही इंजिनांत हे सील बाहेरून उपटून नवे ठोकता येते, काहींत त्याची कड इंजिनच्या कवचाच्या दोन अर्ध्या भागांच्या, म्हणजे दोन्ही चेंबरच्या, मध्ये पकडलेली असल्याने इंजिन उघडावे लागते. कोणत्या गाडीत काय, याची खातरजमा केल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नये. भिंतीला चीर असेल तर एम-सीलचे लेपण घरी पोहोचण्यापुरते ठीक आहे. टिकाऊ तजवीज म्हणजे इंजिन उघडून, चीर तेलापासून पूर्ण स्वच्छ करून केलेले आर्गन वेल्डिंग, किंवा नवे चेंबर.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणांहून तेल पाझरताना दिसले, तर सर्वच सील एका दिवशी खराब झाली असे मानण्यापूर्वी इंजिनच्या ब्रीदरची नळी तपासावी. ती गाळाने बुजली अथवा झाकण लावताना दबली असेल, तर आतल्या हवेला वाट राहत नाही आणि ती तेलाला मिळेल त्या सीलमधून बाहेर रेटते.

शेवटी पुन्हा चेनकडे यावे लागते, कारण काही गळत्या तुटलेल्या चेनच्या नसून नव्या चेनच्या असतात. एकदा तुटल्याचा धसका घेऊन मालक ती घट्ट ओढवून घेतो. रिकाम्या गाडीवर ती नीटस दिसते, पण मागे भरलेली पाटी चढली की मागचे चाक वर सरकते, चेन आणखी आवळली जाते, आणि तो सारा ताण स्प्रॉकेटच्या शाफ्टवर, त्याच्या बेअरिंगवर व पर्यायाने नव्या सीलवर येतो. शंभर सीसीच्या गाडीला सामान्यतः दोन ते तीन सेंटिमीटर ढील सांगितलेली असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा पाहून तेवढी ठेवावी. दोन्ही स्प्रॉकेट चेनबरोबरच बदलावीत आणि लॉकच्या क्लिपचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला करावे. मग मागे नेहमीची पाटी बांधून, चालवणाऱ्याला बसवून, चाक फिरवत चेन जिथे सर्वांत ताठ होते तिथे बोटाने दाबून पाहावी. तिथेही थोडी ढील उरत नसेल, तर मागच्या चाकाचा नट सैल करून चाक जरासे पुढे घ्यावे.