दर दोन तासांनी कूस: हे एकटीचं काम नाही

(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं हे बोलणं. ज्या तायांना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे लिहून दिलं आहे.)



आपल्या बैठकीत बचत, हप्ता, कर्ज यावर बोलणं होतंच. आजचा विषय वेगळा आहे, त्यावर घरातसुद्धा कुणी मोठ्यानं बोलत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कमरेला, खुब्यांना, टाचांना ज्या जखमा होतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे. दवाखान्यात त्यांना बेडसोर म्हणतात.

लकवा मारलेले सासरे, खुब्याचं हाड मोडलेली आजी, कमरेखाली लुळा पडलेला तरणा माणूस. आपापल्या गल्लीत आठवून बघा. जखमेला वास सुटला की शेजारपाजारचे लोक ओट्यावरूनच विचारून जातात. आणि सगळा बोल येतो सुनेवर, "नीट बघत नाही म्हणून असं झालं."

म्हणून आधी हे का होतं ते समजून घेऊ. आपण जमिनीवर फार वेळ बसलो की बूड दुखतं, मग आपण नकळत सरकतो. झोपेतही कूस बदलतो. ज्याला हलता येत नाही, त्याची कातडी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये चेंबते. तिथं रक्त पोचत नाही आणि रक्ताविना कातडी मरते. याची सुरुवात काही तासांतसुद्धा होते. त्यात ओलं अंथरूण, घाम आणि माणसाला ओढून सरकवणं याची भर पडते. हे पाप नाही, मागच्या जन्माचं फळही नाही. हा दाब आहे, आणि दाब काढता येतो.

इंग्लंडमध्ये 1944 साली लुडविग गटमन नावाच्या डॉक्टरांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी वॉर्ड सुरू केला. तोवर असे बहुतेक रुग्ण जखमांच्या आणि लघवीच्या संसर्गानं दगावत. गटमन यांनी नियम घातला, की रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. माणसं जगू लागली. 1948 मध्ये त्यांनी व्हीलचेअरवरच्या रुग्णांचे खेळ भरवले. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उभ्या राहिल्या. 1972 साली आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी त्याच स्पर्धेत पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या होत्या. सांगायचं एवढंच, की अंथरुणावर पडलेला माणूस संपलेला नसतो.

आता घरी काय करायचं ते सांगते.

रोज एकदा उजेडात पाठ, माकडहाड, खुबे, घोटे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल किंवा काळपट डाग दिसला तर बोटानं दाबा. रंग जात नसेल, तर ती पहिली खूण. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून बघा. जागा गरम किंवा टणक लागते का? तशी असेल तर त्या बाजूवर झोपवणं बंद. तिथं चोळू नका, तेलानं रगडू नका. आतली कातडी आणखी फाटते.

दर दोन तासांनी कूस बदला. आधी डावी, मग पाठ, मग उजवी. कुशीवर पूर्ण आडवं करू नका, पाठीमागे उशी लावून थोडं तिरकं ठेवा. दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेली चादर ठेवा. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माणसाला ओढू नका. खाली चादर घाला आणि दोघींनी चादर धरून उचला. गोधडीची जाड शिवण आणि सुरकुती रुतते, ती सरळ करा. झोळ पडलेली बाज टाळा. टायरची ट्यूब किंवा रबरी रिंग देऊ नका, तिच्या कडेनं दाब वाढतो. हवेची गादी मिळाली तर चांगलंच, पण गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही.

जखम झालीच असेल, तर पहिली पट्टी नर्सताईंकडून किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून समोर करून घ्या आणि शिकून घ्या. मग घरी अशी करा. साबणानं हात धुवा. अर्धा लिटर पाण्यात सपाट एक छोटा चमचा मीठ घालून दहा मिनिटं उकळा, झाकून थंड करा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढू नका, याच पाण्यानं भिजवून काढा. जखमेवर हे पाणी हळूहळू ओता, घासू नका. खड्डा असेल तर भिजवलेलं गॉज सैल भरा, ठासू नका. वर कोरडं गॉज ठेवून पट्टी लावा. रोज बदला, भिजली तर आधीच बदला. दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी अर्धा तास आधी द्या. वासासाठी डॉक्टर मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड वापरायला सांगतात, पण ती त्यांना विचारूनच.

हळद, राख, तंबाखू, चुना, स्पिरिट, डेटॉल यातलं काहीही जखमेत घालायचं नाही. काळी पडलेली कातडी घरी कापायची नाही.

जखम पोटातूनही भरते. अंडं, दूध, डाळ, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचा लाडू, जे घरात असेल ते थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा द्या. साखरेचा आजार असेल तर साखर तपासत राहा.

ताप आला, पू वाढला, भोवतीची लाली पसरली, हाड दिसलं किंवा माणूस बरळायला लागला, तर थांबू नका. 108 ला फोन करा. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

आता मुख्य मुद्दा. दर दोन तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. सांगा, मजुरीला जाणारी एकटी बाई हे कसं करणार? आणि आपल्या जिल्ह्यात दिवाळी झाली की कोयते ऊसतोडीला निघतात. मुलगा-सून कारखान्यावर, म्हातारी बाजेवर, आणि तिच्याजवळ शाळेतली नात. ती पोर शाळा सोडून आजीची कूस बदलते. जखम झाली की बोल तिलाच.

म्हणून माझं म्हणणं आहे की हे काम समूहानं वाटून घ्यावं. सून दहाला कामावर जाते, पाचला येते. मधल्या फेऱ्या किती? बारा, दोन, चार. फक्त तीन. तीन बायका, प्रत्येकीची दहा मिनिटं. रात्रीची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी. बापाला उचलायला मुलाचे हात जास्त कामाचे आहेत. रात्री अंतर किती ठेवायचं ते नर्सताईंना विचारा. गॉज आणि गादीसाठी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून मदत करता येईल का, तो विषय बैठकीत मांडा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक समूहानं एक कागद आणावा. आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेलं कोण आहे, दिवसा जवळ कोण असतं, हंगामात कोण असेल, एवढंच लिहा. आशाताईंना त्या बैठकीला बोलावू. पाळ्या तिथेच ठरवू आणि ठराव वहीत घेऊ, कोयते निघायच्या आधी.