नाताळची भेट : हाताने केलेली

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



डिसेंबर महिना उजाडला की आपल्या वसई तालुक्यातील वाडीवस्तीत नाताळची चाहूल लागते. अंगणात नाताळगोठ्याची मांडणी सुरू होते, दारावर चांदणीचा कंदील चढतो आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातून तळणीचा वास येऊ लागतो. या घरांतील मुले आपल्या शाळांत बसतात. त्यांच्या शेजारी ज्यांच्या घरी नाताळ नसतो अशीही मुले बसतात. सण एका घरचा असला तरी त्याचे कुतूहल साऱ्या वर्गाला असते. या कुतूहलाचा उपयोग कार्यानुभवाच्या तासाला कसा करता येईल, याविषयी आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रारंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. मी नव्याने नोकरीस लागले होते. नाताळच्या सुट्टीपूर्वी वर्गात चिठ्ठ्या टाकाव्यात, ज्याला ज्याचे नाव येईल त्याने त्याला भेटवस्तू आणून द्यावी, असा उपक्रम मी मोठ्या हौसेने योजिला. मुले आनंदली. तिसऱ्या दिवसापासून मात्र एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. तिचे आईवडील वीटभट्टीवर कामाला होते. चौथ्या दिवशी तिची आई मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, किती रुपयांची वस्तू लागंल? आमची खर्ची शनिवारी मिळते. तोवर थांबाल का?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेने एक नवी फी लावली आहे, इतकेच तिने जाणले होते. आणि खरोखरच, मी ती लावली होती. मी उपक्रम थांबविला. मुलगी सोमवारी शाळेत आली. पण त्या दिवसापासून 'भेट' हा शब्द उच्चारताना मी विचार करू लागले. भेटीचा हेतू माणसाला माणसाजवळ आणणे हा. विकत घेतलेल्या वस्तूवर किंमत लिहिलेली असते आणि मुले ती किंमत फार चटकन वाचतात. कोणाची वस्तू वीस रुपयांची, कोणाची दोनशे रुपयांची, हे एकदा वर्गाला कळले की भेटीतून जवळीक वाढण्याऐवजी अंतर वाढते.

मंडळी, नाताळच्या मूळ कथेतही भेटी आहेत. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी पुरुष बाळ येशूपुढे सोने, ऊद आणि गंधरस ठेवतात. लूकच्या शुभवर्तमानात रानातील मेंढपाळ येतात. त्यांनी काय आणले ते तेथे लिहिलेले नाही. ते आले, एवढेच लिहिले आहे. चौथ्या शतकातील मायरा गावच्या संत निकोलस यांची आख्यायिकाही अशीच आहे. एका दरिद्री पित्याच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, असे सांगतात. घेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून देणाऱ्याने आपले नाव लपविले, हे त्या कथेचे मर्म होय.

हा सण आपल्याकडे आजकालचा नाही. 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून मराठीत रुळला. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या अमलाखाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत सांगितली, ते 'क्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ साली छापले गेले. म्हणजे मराठी भाषेने नाताळ आपलासा केला त्यास चारशे वर्षे उलटून गेली. फराळाचेही तसेच आहे. दिवाळीत आपण जिला करंजी म्हणतो, तिचीच बहीण गोव्यात नेवरी या नावाने गणेशचतुर्थीलाही होते आणि नाताळलाही होते. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंका, पेरूची पेराद असे पदार्थ करून ते तबकात मांडतात आणि वर विणलेला रुमाल झाकून शेजारीपाजारी पाठवितात. आपल्याकडे दिवाळीच्या फराळाचे ताट असेच घरोघर फिरते. ज्या घरात त्या वर्षी दुःखद घटना घडली असेल तेथे तळण होत नाही. म्हणून शेजारीण आधी त्या घरी ताट पोहोचविते. ज्याच्या घरी सण होऊ शकत नाही त्याच्या घरी तो आपल्या हाताने नेऊन पोहोचवावा, ही रीत दोन्ही सणांत एकच आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मुलांनी करावयाची भेट साधी, उपयोगी आणि सर्वांना सारखी साधेल अशी असावी. अनेक प्रयोगांनंतर माझ्या मनास एकच भेट पटली : जुन्या कापडाचा हाताने शिवलेला बटवा आणि त्यात ओंजळभर कुलकुल.

प्रथम बटवा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी जुनी सुती लुगडी, साड्या, सदरे यांचे तुकडे जमवावेत. ते मुलांकडून मागविण्यापेक्षा गावातील शिंप्याकडून आणि स्वतःच्या घरून आणावेत. सर्व कापड धुऊन, इस्त्री करून सारख्या मापात कापावे आणि एकाच टोपलीत मिसळून ठेवावे. कोणते कापड कोणाच्या घरचे, हे कोणासही कळता कामा नये. ही गोष्ट लहान वाटते, परंतु साऱ्या उपक्रमाचा पाया तीच आहे.

एका बटव्यास १६ सेंटिमीटर रुंद व ४४ सेंटिमीटर लांब तुकडा पुरतो. प्रथम दोन्ही लांब कडा, टोकांपासून सुमारे सहा सेंटिमीटरपर्यंत, किंचित आत मुडपून टाके घालावेत, म्हणजे नेफ्याच्या तोंडाशी धागे सुटत नाहीत. मग दोन्ही आखूड बाजू आधी अर्धा सेंटिमीटर आणि पुन्हा अडीच सेंटिमीटर दुमडून शिवाव्यात. हा नेफा झाला. कापड उलट्या बाजूने मधोमध दुमडून दोन्ही कडा तळापासून नेफ्याच्या खालपर्यंत उलट्या टिपेने शिवाव्यात. नेफ्याची तोंडे मोकळी ठेवावीत. बटवा सुलटा करून सुमारे ४० सेंटिमीटर लांबीच्या दोन नाड्या एकमेकींच्या विरुद्ध बाजूंनी ओवाव्यात आणि टोकांना गाठी माराव्यात. दोन्ही नाड्या ओढल्या की बटव्याचे तोंड मिटते. ते पहिल्यांदा मिटते तेव्हा मुलांच्या चेहऱ्याकडे अवश्य पाहावे.

पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती सुई देऊ नये. त्यांनी जाड कागदाची चांदणी कापून, रंगवून बटव्याच्या नाडीला बांधण्यासाठी द्यावी. तिसरी-चौथीच्या मुलांना बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई देऊन केवळ धावदोरा शिकवावा. त्यांनी कापडाच्या एका कोपऱ्यावर खडूने आखलेले पान किंवा चांदणी रंगीत दोऱ्याने भरावी. पाचवीपासूनच्या मुलांनी संपूर्ण बटवा शिवावा. येथे एक विनंती आहे. शिवण मुलींना आणि कापणे मुलांना अशी वाटणी करू नये. गावोगावचे शिंपी बहुधा पुरुषच असतात, हे मुलांना दाखवून दिले की त्यांचा संकोच जातो.

सुया मोजून द्याव्यात आणि मोजून परत घ्याव्यात. टाका वाकडा आला तर तो शिक्षकांनी स्वतः उसवून सरळ करू नये. मुलाला विचारावे, "हा तुला ठीक वाटतो का?" त्याला वाटले तर तो स्वतःच उसवील. न वाटले तर तो टाका तसाच राहू द्यावा. बटवा मुलाच्या हातचा आहे, याची ती खूण समजावी.

आता कुलकुल. वसईत आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत कुलकुलाशिवाय नाताळ होत नाही. शंकरपाळ्याच्या जवळचाच हा पदार्थ. फक्त आकार शंखासारखा वळलेला. काही घरी पिठात अंडे घालतात. शाळेत ते घालू नये, म्हणजे सर्व घरांतील मुलांना खाता येईल. तीस मुलांच्या वर्गासाठी पाऊण किलो मैदा, सहा मोठे चमचे पातळ केलेले तूप, १८० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन नारळांचे दाट दूध घ्यावे. मैद्याला तूप चोळून त्यात साखर व मीठ मिसळावे आणि नारळाचे दूध लागेल तसतसे घालीत पीठ घट्ट मळावे. ओल्या फडक्याखाली ते अर्धा तास झाकून ठेवावे.

पिठाच्या लहान बोराएवढ्या गोळ्या कराव्यात. याच कामासाठी आणलेली नवी, स्वच्छ धुतलेली फणी घ्यावी. तिच्या दातांवर गोळी अंगठ्याने दाबून चपटी करावी आणि एका टोकाकडून हलकेच गुंडाळून घ्यावी. दातांच्या रेघा बाहेरच्या बाजूस उमटतात आणि चिमुकला शंख तयार होतो. कडा नीट चिकटली नाही तर तळताना तो उलगडतो. म्हणून शेवटी ती बोटाने दाबावी. या प्रमाणात सुमारे तीनशे कुलकुल होतात, म्हणजे प्रत्येक बटव्यास दहा. गोळ्या मोजणे, दहाचे ढीग लावणे, उरलेल्या पिठाचा अंदाज घेणे, यात दुसरीच्या मुलांचे गणितही आपोआप होऊन जाते.

वळण्याचे काम मुलांनी, हात साबणाने धुऊन, करावे. तळण्याचे काम मात्र शिक्षकांनी किंवा शाळेच्या स्वयंपाकी भगिनींनीच करावे. कढईच्या आसपास मुलांना येऊ देऊ नये. तेल मध्यम आचेवर तापलेले असावे. आच मोठी असली तर कुलकुल बाहेरून लाल होतात आणि आत कच्चे राहतात. सोनेरी रंग आला की काढावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. गरम असताना झाकले तर वाफेने मऊ पडतात. कोरड्या हवाबंद डब्यात ते पंधरवडाभर खुसखुशीत राहतात. बटव्यात भरताना आत स्वच्छ, तेल न शोषणारा कागद घालावा. जेथे तळण शक्य नसेल तेथे भाजलेले शेंगदाणे व गूळ यांचे लाडू वळावेत. त्यानेही भेट उणी होत नाही. मात्र कोणत्याही मुलास दाणे सोसत नसतील तर ते आधी विचारून घ्यावे.

हा सारा खटाटोप वाचन-लेखनाच्या वेळात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य केले. महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी बिया, पाने, शंखशिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने घडविली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे ठेवला. बटव्याचे माप घेणारे मूल भूमितीच शिकत असते. त्याखेरीज आणखी एक गोष्ट ते शिकते, जिची परीक्षा आपण घेत नाही : दुसऱ्यासाठी काही करताना लागणारा धीर.

या कामास गुण देऊ नयेत, प्रदर्शन मांडू नये, बक्षीस ठेवू नये. स्पर्धा आली की बटवा घरी जातो आणि आईच्या हातून सुबक होऊन परत येतो. सर्व काम वर्गातच, शाळेच्या वेळातच व्हावे. मग भेट कोणाला द्यावी? प्रत्येक मुलाने अशा एका व्यक्तीचा विचार करावा जी त्याला न मागता काही देते. स्वयंपाकी ताई, पोस्टमन, शाळेजवळची आजी, शेजारच्या बाकावरील सोबती, यांपैकी कोणीही चालेल. सुट्टी लागण्याच्या दिवशी मुलाने स्वतः जाऊन ती द्यावी.

ज्या मुलीची गोष्ट मी आरंभी सांगितली, तिच्याकडे पुन्हा येते. पुढील वर्षी तिचे आईवडील त्याच भट्टीवर परतले आणि ती पुन्हा माझ्या वर्गात आली. त्या डिसेंबरात आम्ही प्रथमच बटवे शिवले. तिचे टाके वर्गात सर्वांत बारीक आले; घरी फाटके कपडे तीच शिवीत असे. शेजारच्या मुलाच्या नाडीला गाठ बसेना तेव्हा त्याने आपला बटवा तिच्यापुढे सरकविला आणि तिने तो काही न बोलता नीट करून दिला. सुट्टीच्या दिवशी तिने आपला बटवा कोणास दिला, हे मी विचारले नाही. जानेवारीत भट्टीजवळून जाताना तिची आई दिसली. तिच्या कमरेला तो बटवा खोचलेला होता. त्यात आता कुलकुल नव्हते. आठवड्याची खर्ची होती.

बंधुभगिनींनो, पहिल्या वर्षी त्या माउलीने मला विचारले होते की किती रुपयांची वस्तू लागेल. येत्या नाताळात आपल्या कोणत्याही शाळेत कोणत्याही आईला हा प्रश्न विचारावा लागू नये, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.