समुद्राची मोठी ओहोटी

मंडळी, यवतमाळपासून समुद्र किती दूर! आपल्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. तरी आज त्याचीच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपल्या शेतातली माती आहे.

रोजची भरती-ओहोटी तुम्ही ऐकून आहात. पण एक ओहोटी हजारो वर्षे चालली. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वी आजच्यापेक्षा बरीच थंड होती. समुद्राची वाफ व्हायची, कॅनडात नि उत्तर युरोपात तिचा बर्फ पडायचा, आणि तो वितळून परत यायचाच नाही. कुठे कुठे हा थर दोन-तीन किलोमीटर जाड झाला. तेवढं पाणी समुद्रातून उणं झालं आणि पातळी सुमारे १२० मीटर खाली गेली. चाळीस फुटी दहा विहिरी एकीखाली एक धरा, तेवढी! आज मुंबईपुढे जिथे बोटी चालतात, तिथे तेव्हा कोसच्या कोस कोरडी जमीन होती.

पुढे ऊब वाढली, बर्फ वितळला. सुमारे ७,००० वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक पाणी परत आलं.

गुरुजी, हे वर्गात दाखवता येईल. दोन भांड्यांत पाणी घ्या. एकात बर्फाचा खडा तरंगत सोडा. दुसऱ्यात पाण्यावर डोकं काढील असा दगड ठेवून त्यावर खडा ठेवा. पातळीला खुणा करा. बर्फ विरल्यावर पहिल्यात पाणी खुणेशीच राहील, दुसऱ्यात चढेल. समुद्र चढला तो जमिनीवरच्या बर्फानं.

आता आपली माती. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा नि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. ती गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. समुद्र भराभर चढत होता तोवर नदीचा गाळ बुडत गेला. चढ मंदावला, तेव्हा तोच गाळ मुखाशी साठून आंध्रातली सखल भातजमीन तयार झाली. तिच्यात आपल्या काळ्या रानाचाही वाटा आहे.

आणि आज? १९०० सालापासून समुद्र जगभर सरासरी सुमारे २० सेंटिमीटर चढला आहे. बर्फ वितळतो आहे, शिवाय तापलेलं पाणी फुगतं. चढण्याचा वेगही वाढतो आहे. उलट गाळ धरणांत अडतो, मुखाशी कमी पोचतो. तिथला किनारा जागोजागी समुद्र खातो आहे. म्हणजे तुमच्या रानातून वाहिलेली पुष्कळशी माती आता धरणाच्या तळाशी बसते. ती ना तुमची राहते, ना त्या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याची होते. वर धरणात पाण्याची जागा अडवते.

तेव्हा मंडळी, मृगाआधी बांध नीट करून घ्या. समुद्र आपल्या हाती नाही, बांध आहे.