औषधाला न बधणाऱ्या पेशींची साक्ष

परिषदेच्या अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मुंबई-पुण्याहून आणि सांगली-कोल्हापूरहून आलेले डॉक्टर व संशोधक, परिचारिका भगिनी, वनस्पतिशास्त्राचे आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी, आणि ज्यांच्या घरात रक्ताच्या कर्करोगाने पाऊल टाकले आहे असे सर्व कुटुंबीय, स्वागत समितीच्या वतीने मी आपले कराडमध्ये मनापासून स्वागत करते.

कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संध्याकाळी सत्र आटोपले की तिकडे जरूर जाऊन या. परंतु परिषद कराडला व्हावी असा आग्रह आम्ही धरला तो एका झाडापायी. कोयनेच्या काठाने वर पाटण, हेळवाक करत घाटमाथ्याकडे निघालात, की तिथल्या सदाहरित रानात एक लहानसे झाड भेटते. त्याच्या फुलांना इतका उग्र वास असतो की लोकांनी त्याचे नाव नरक्या ठेवले. त्याच्या सालीत आणि लाकडात कॅम्टोथेसिन नावाचे द्रव्य आहे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये ते या झाडात असल्याचे दाखवले. पुढे मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड झाली, आणि आमच्या भागातल्या अनेकांना हे झाड ओळखीचे झाले ते तस्करीच्या बातम्यांमधून. याचे मला दुःख आहे. ज्या झाडाकडून विज्ञान इतके शिकले, त्याची ओळख लाकडाच्या भावावरून होऊ नये.

कॅम्टोथेसिन प्रथम सापडले ते मात्र चीनमधल्या कॅम्टोथेका या वृक्षात. १९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळे काढून त्याची रचना मांडली. वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे अमेरिकेला गेले. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ल्युकेमियाचा उल्लेख आहे. उंदरांमधल्या ल्युकेमियाला हे द्रव्य रोखते असे दिसले होते. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांनी मात्र निराशा केली. मूत्राशयातून रक्त जाऊ लागले, अस्थिमज्जा खचू लागली, आणि १९७० च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. द्रव्य हाती होते, पण ते पेशीत नेमके कुणाला धरते हे ठाऊक नव्हते.

ते ज्याला धरते ते एन्झाइम म्हणजे टोपोआयसोमरेझ. माणसाच्या एका पेशीतला डीएनए ताणून मांडला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात राहतो. दोन पदरी चऱ्हाटाचे पदर मधूनच सोडवायला घेतले की पुढचा पीळ आवळत जातो, हे शेतकऱ्याच्या घरात कुणाला सांगावे लागत नाही. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल होते तेव्हा हेच घडते, आणि तो पीळ उतरवण्याचे काम टोपोआयसोमरेझ करते. पहिल्या प्रकारचे एन्झाइम एक पदर कापते, पीळ सैल होऊ देते आणि पदर पुन्हा सांधते. दुसऱ्या प्रकारचे दोन्ही पदर कापते, त्या फटीतून डीएनएचा दुसरा भाग पलीकडे नेते आणि मग टोके जोडते. जेम्स वांग यांनी १९७१ मध्ये जिवाणूत असे पहिले एन्झाइम दाखवले.

डीएनए कापलेला असतानाचा तो क्षण पेशीसाठी फार जोखमीचा. टोके मोकळी पडू नयेत म्हणून एन्झाइम रासायनिक बंधाने स्वतःलाच त्यांच्याशी जोडून घेते. औषध शिरते ते याच वेळी. एन्झाइम आणि डीएनए यांच्या मधल्या जागेत त्याचा रेणू बसतो आणि टोके पुन्हा जुळू देत नाही. डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा पुढे सरकत येऊन या अडकलेल्या जागी आदळते, तात्पुरता छेद कायमचा होतो, आणि असे छेद वाढले की पेशी स्वतःचा मृत्यू ओढवून घेते. लेरॉय लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ॲड्रियामायसिन आणि इटोपोसाइड यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचे एन्झाइम, आणि १९८५ मध्ये कॅम्टोथेसिनच्या बाबतीत पहिल्या प्रकारचे एन्झाइम हेच लक्ष्य असल्याचे दाखवले. यानंतर कॅम्टोथेसिनकडे पुन्हा लक्ष गेले आणि त्याच्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे आली. ती मुख्यतः अंडाशय, फुप्फुस आणि आतड्याच्या कर्करोगात वापरली जातात. ल्युकेमियात आपला भर दुसऱ्या प्रकारच्या एन्झाइमवरच्या औषधांवर आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस त्यांपैकीच एक असलेले डॉनोरुबिसिन ही पद्धत १९७० च्या दशकापासून आजवर टिकून आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळे सांगितले त्याकडे येते. माझा व्यवसाय रक्ताच्या स्लाइड तपासण्याचा. उपचारानंतरच्या अस्थिमज्जेत ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व, पेशी तशाच दिसल्या की आम्ही अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असे लिहितो. हे दोन शब्द पुरेसे नाहीत, असे माझे ठाम मत आहे. औषधाला न बधणारी पेशी त्या औषधाविषयीच काहीतरी सांगत असते, आणि ते आपण ऐकले पाहिजे.

दोन उदाहरणे देते. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये बॉस्टनमध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांना ॲमिनोप्टेरिन दिल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले होते. ॲमिनोप्टेरिन आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट ज्या एन्झाइमला बंद पाडतात, त्याचे उत्पादन वाढवून पेशी औषधाला हरवू शकते. रॉबर्ट शिमके यांनी १९७८ मध्ये दाखवले की प्रतिकारी पेशींमध्ये त्या एन्झाइमच्या जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या असतात. टोपोआयसोमरेझच्या बाबतीत नेमके उलटे घडते. प्रतिकारी पेशींमध्ये एन्झाइम बहुधा कमी झालेले असते. हे पहिल्यांदा वाचताना मला विलक्षण वाटले होते. कारण उघड आहे: इथे औषध एन्झाइमचे काम नुसते थांबवत नाही, तर त्या एन्झाइमलाच विष बनवते. एन्झाइम जितके जास्त, तितके छेद जास्त. ज्या पेशीत ते थोडे, तिला इजा थोडी. म्हणूनच विभाजन थांबवून निपचित पडलेल्या पेशी या औषधांच्या तडाख्यातून सुटतात.

प्रतिकाराची आणखी एक वाट आहे. ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये पेशीच्या आवरणावरचे पी-ग्लायकोप्रोटीन शोधले. ते आत आलेले औषध बाहेर फेकते. पुढे बरीच वर्षे सगळा रोख या पंपावरच होता. त्याला बंद करणारी औषधे जोडीला दिली गेली, पण ल्युकेमियाच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत अपेक्षेइतके यश आले नाही. कारण पंप हा एकटाच आरोपी नव्हता. मेम्फिसच्या संशोधकांनी वाढवलेल्या एका ल्युकेमिया पेशीवंशात औषध नेहमीसारखेच आत शिरत होते आणि साचत होते, पंपही नव्हता, तरी डीएनएमध्ये छेद पडत नव्हते. बदल झाला होता तो दुसऱ्या प्रकारच्या टोपोआयसोमरेझमध्येच. एचएल-६० या ल्युकेमिया पेशींच्या ॲमसाक्रिन या औषधाला न जुमानणाऱ्या वंशातही त्या एन्झाइमच्या ४८६ क्रमांकावर आर्जिनिनच्या जागी लायसिन आले आहे. एक अमिनो आम्ल बदलले आणि औषधाला जागा उरली नाही. औषधाचे लक्ष्य याहून स्पष्टपणे कुणी दाखवून दिले असते?

दुसरे उदाहरण आपल्याला पुन्हा रानात नेते. कॅम्टोथेसिनला न बधणाऱ्या सीईएम/सी२ या मानवी ल्युकेमिया पेशींमध्ये, पहिल्या प्रकारच्या टोपोआयसोमरेझच्या ७२२ व्या जागी ॲस्परॅजिनऐवजी सेरिन आहे, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शेजारच्याच ७२३ व्या जागेवरच्या टायरोसिनने हे एन्झाइम डीएनए धरते, म्हणजे बदल अगदी मर्मावर झाला होता. पुढे २००८ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी विचारले की कॅम्टोथेसिन बनवणाऱ्या वनस्पती त्याच विषाने मरत कशा नाहीत? त्यांनी कॅम्टोथेका आणि ओफिओरायझा या वनस्पतींचे टोपोआयसोमरेझ वाचले. माणसाच्या क्रमांकाप्रमाणे मोजले तर ७२२ व्या जागी, ॲस्परॅजिनऐवजी सेरिन! चीनमधला वृक्ष आणि प्रयोगशाळेतली ल्युकेमियाची पेशी यांना एकाच विषावर एकच उपाय सापडला. एकाला तो उत्क्रांतीच्या प्रदीर्घ काळात, दुसरीला काचेच्या बशीत. त्याच अभ्यासात आणखी दोन बदल सापडले, जे तोवर रुग्णांच्या पेशींत दिसले नव्हते. ते पुढे दिसू शकतील असा इशाराही त्या संशोधकांनी दिला. झाडाचे जनुक वाचून रुग्णाच्या उद्याच्या प्रतिकाराचा अंदाज बांधता येतो. वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी या सभागृहात हवेत, हा आमचा हट्ट त्यासाठीच होता.

टोपोआयसोमरेझवरच्या औषधांची एक काळी बाजूही मुलांच्या आईवडिलांसमोर बोलली पाहिजे. जो छेद ल्युकेमियाची पेशी मारतो, तोच निरोगी पेशीत चुकीचा सांधला गेला तर नवा ल्युकेमिया उभा राहू शकतो. इटोपोसाइडनंतर काही रुग्णांत, बहुधा एक ते तीन वर्षांत, अकराव्या गुणसूत्राच्या तुटण्यातून असा आजार उद्भवतो. हृदयाच्या स्नायूतल्या याच कुळातल्या एन्झाइममुळे ॲड्रियामायसिनसारख्या औषधांचा हृदयाला त्रास होतो. म्हणून मात्रेचा हिशोब आणि उपचारानंतरची तपासणी यात हयगय नको. डॉक्टरांनी बोलावले की मुलाला घेऊन या, तो खेळायला लागला असला तरी.

आमच्या भागातले रुग्ण रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जातात, परळला टाटा रुग्णालयात दाखवतात, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहतात आणि दोन उपचारांच्या मधल्या काळात परत इथेच येतात. आजार उलटला तर तो पहिल्यांदा अनेकदा इथल्याच डॉक्टरांना दिसतो. त्या वेळचा अस्थिमज्जेचा नमुना, पुढचे औषध सुरू होण्याआधी, रुग्णाच्या संमतीने नीट जपून मोठ्या केंद्राकडे पोहोचावा, यासाठी सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र यावे, असा प्रस्ताव स्वागत समिती या परिषदेपुढे ठेवत आहे. थंड ठेवण्याची सोय, वाहतूक आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा यावर दुपारच्या सत्रात चर्चा होईल. मसुदा आपल्या पिशवीत ठेवला आहे. तो रुग्णांच्या नातेवाइकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा आणि कळणार नाही त्या ओळीवर खूण करून आम्हाला द्यावा.

जेवणाची व्यवस्था मागच्या अंगणात आहे. उद्या सकाळी नरक्या पाहायला जाणाऱ्यांनी आज संध्याकाळपर्यंत नावे द्यावीत. वन विभागाचे नियम पाळायचे आहेत. पान, साल, फांदी काहीही तोडायचे नाही.

अध्यक्ष महोदया, आपण परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी स्वागत समितीच्या वतीने आपल्याला विनंती करते.