जागल्याला एकटे सोडू नका

(पुणे परिसरातील उद्योगांत काम करणारे सनदी लेखापाल, कंपनी सचिव, विधिज्ञ आणि मनुष्यबळ अधिकारी यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



आजच्या विषयाचे नाव निमंत्रणपत्रिकेवर ‘कार्यस्थळावरील नीतिमत्ता आणि अनुपालन व्यवस्था’ असे भारदस्त छापले आहे. या विषयावर माझ्याहून अधिक अधिकारवाणीने बोलू शकतील असे अनेकजण समोर बसलेले मला दिसतात. मी मात्र एका माणसाच्या आठवणीने आरंभ करणार आहे. हा विषय मला त्या माणसाने शिकविला, आणि त्या शिक्षणाचे शुल्कही त्यानेच भरले.

१९९८ सालची गोष्ट आहे. मी एका कारखान्याच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात होतो. एके संध्याकाळी पाळी सुटल्यावर भांडारातील एक कारकून माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. इकडे तिकडे पाहून म्हणाला, “साहेब, भंगाराचा ट्रक रिकामा म्हणून काट्यावर चढतो, तेव्हा आत वाळूची पोती असतात. वजन झाले की पोती मागच्या बाजूला उतरवितात आणि मग भंगार भरतात. दर खेपेला पाचसहाशे किलो माल हिशेबाबाहेर जातो.” मी त्याला विचारले, “हे तुम्ही लिहून द्याल का?” तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “तुम्ही सांगता म्हणून देतो.”

त्याने अर्ज दिला. नियमाप्रमाणे तो विभागप्रमुखांमार्फत वर जावयाचा होता. ज्याच्या आशीर्वादाने ती पोती चढत आणि उतरत होती, तो गृहस्थ म्हणजेच हे विभागप्रमुख! अर्ज ज्याच्याविरुद्ध होता, त्याच्याच हाती पडला. दोन महिन्यांत त्या कारकुनाची परराज्यातील गोदामावर बदली झाली. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. त्याने राजीनामा दिला. मी माझ्या अहवालात ‘वजन करण्याच्या पद्धतीत सुधारणेस वाव आहे’ असे एक वाक्य लिहिले होते. माझ्याकडून कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. आज इतक्या वर्षांनंतरही हेच वाक्य मला सर्वांत अधिक टोचते.

कागदावर सारे काही होते

आपण सारे कागदाची माणसे आहोत. म्हणून कागदाची मर्यादा आपण सर्वांत आधी ओळखली पाहिजे. ‘सत्यम कॉम्प्युटर्स’चे उदाहरण आपल्या पिढीला विसरता येणार नाही. २००८ मध्ये या कंपनीला सुशासनासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कार मिळाला होता. काही महिन्यांतच, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. ताळेबंदात दाखविलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँकेतील शिल्लक अस्तित्वातच नव्हती. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले.

त्या कंपनीत काय नव्हते? नामवंत स्वतंत्र संचालक होते, लेखापरीक्षण समिती होती, आंतरराष्ट्रीय ख्यातीची वैधानिक लेखापरीक्षण संस्था होती, आचारसंहिताही होती. बँकेच्या ठेवींची खातरजमा बँकेकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी, हा लेखापरीक्षणाचा प्राथमिक धडा आहे. तो कोणालाही अपरिचित नव्हता. व्यवस्थेची सारी अंगे जागेवर होती, पण प्रत्येक अंग दुसऱ्यावर विसंबून निश्चिंत होते.

त्यानंतर कायदे कडक झाले, हे मान्य केलेच पाहिजे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचिबद्ध कंपन्यांना, तसेच जनतेकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज उचलणाऱ्या कंपन्यांना दक्षता यंत्रणा उभारणे बंधनकारक झाले. तक्रारदाराचा छळ होऊ नये आणि योग्य प्रसंगी त्याला थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत पोचता यावे, अशी त्यात तरतूद आहे. माझ्या त्या कारकुनाला १९९८ मध्ये हीच वाट हवी होती. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. संस्थेच्या लाभासाठी कोणी लाच दिली तर संस्थाही दोषी ठरते, आणि पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था होती असे सिद्ध करणे हाच तिचा बचाव असतो.

महिलांच्या सुरक्षिततेचा मार्ग तर याहून खडतर होता. राजस्थानातील भंवरीदेवी यांच्यावर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर ‘विशाखा’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांचे कायद्यात रूपांतर होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी हवी, निम्म्याहून कमी महिला सदस्य असू नयेत आणि एक सदस्य बाहेरचा हवा, असे हा कायदा सांगतो.

भिंतीवरचा फलक आणि माणसाचा कान

मग उणीव कोठे राहिली? आपल्या कारखान्यांत मी हिंडतो तेव्हा समितीच्या नावांचा फलक प्रवेशद्वाराजवळ दिसतो. त्यातील एका सदस्याची दोन वर्षांपूर्वी बदली झालेली असते. आचारसंहिता इंग्रजीत चाळीस पानांची असते आणि रुजू होण्याच्या दिवशी तिच्यावर सही घेतली जाते. ठेकेदाराकडून येणारा कामगार मात्र त्या सहीतही नसतो. वर्षातून एकदा प्रशिक्षण होते, उपस्थितीपट भरला जातो आणि वार्षिक अहवालात ‘तक्रारी : शून्य’ असे अभिमानाने छापले जाते. हजार माणसांच्या कारखान्यात वर्षभर एकही तक्रार नसेल, तर तेथे रामराज्य अवतरले असे मानावयाचे, की तेथे कोणी बोलावयास धजत नाही असे मानावयाचे? याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

बोलणाऱ्याचे काय होते, हे या देशाने पाहिले आहे. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहार पत्राद्वारे पंतप्रधान कार्यालयाला कळविणारे आणि आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली. त्यांचे नाव गुप्त राहिले नव्हते. देशभर संताप उसळला. एप्रिल २००४ मध्ये शासनाने ठराव करून अशा तक्रारी गोपनीयपणे स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदाही संमत केला, परंतु तो अंमलात आणण्याची अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही.

‘जागल्या’ हा शब्द आपल्या गावगाड्यातला आहे. गाव निजलेले असताना जो जागा राहतो, तो जागल्या. सनदी लेखापालांच्या संस्थेच्या बोधचिन्हावरील वचन कठोपनिषदातून घेतलेले आहे, आणि त्यातही निजलेल्यांमध्ये जागणाऱ्याचाच निर्देश आहे. म्हणजे जागे राहणे हे आपल्या व्यवसायाचे ब्रीदच ठरते. पण गावाचा जागल्या आरोळी ठोकीत असे, तेव्हा घराघरांतून माणसे काठ्या घेऊन बाहेर पडत. आरोळी ऐकूनही दारे बंद राहिली, तर त्याचे काय होणार?

एकत्र येण्याचे बळ

येथेच आजच्या मेळाव्याचे प्रयोजन येते. अनीतीशी एकट्या संस्थेने लढावयाचे म्हटले, तर ती बाजारात एकाकी पडते. हे ओळखून इतरत्र जे प्रयत्न झाले, त्यांतील दोन सांगतो.

अमेरिकेत १९८० च्या दशकात संरक्षण सामग्रीच्या अवाच्या सवा किमतींवरून गदारोळ उठला. डेव्हिड पॅकार्ड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने उद्योगाने स्वतःला शिस्त लावावी असे सुचविले. त्यातून १९८६ मध्ये ‘डिफेन्स इंडस्ट्री इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम जन्मला. निविदांमध्ये एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी काही गोष्टी एकत्रितपणे मान्य केल्या. लेखी आचारसंहिता, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, निर्भयपणे तक्रार करण्याची सोय, आढळलेला दोष स्वतःहून शासनाला कळविणे आणि आपले अनुभव एकमेकांना सांगणे, अशा त्या गोष्टी होत्या. पुढे १९९१ मध्ये अमेरिकेतील शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांनीही परिणामकारक अनुपालन व्यवस्था असलेल्या संस्थेला दंडात सवलत देण्याचे तत्त्व स्वीकारले.

दुसरे उदाहरण सागरी वाहतुकीचे आहे. कोकणातील आणि गोव्यातील ज्या घरांतले कोणी जहाजावर आहे, त्यांना ही कथा नवी वाटणार नाही. जहाज बंदराला लागले की चिरीमिरी म्हणून सिगारेटची खोकी आणि मद्याच्या बाटल्या मागितल्या जात. सुएझ कालव्याला तर खलाशी एका सिगारेटच्याच नावाने ओळखत. एकट्या कप्तानाने नकार दिला तर जहाज अडकून पडावयाचे आणि खोळंब्याचा भुर्दंड मालकावर यावयाचा. २०११ मध्ये काही जहाज कंपन्यांनी ‘मेरिटाइम अँटी-करप्शन नेटवर्क’ स्थापन केले आणि सुएझमध्ये सर्वांनी मिळून नकार देण्याची मोहीम घेतली. ‘मी देत नाही’ असे म्हणणाऱ्या कप्तानाला आता ‘आमच्यापैकी कोणीच देत नाही’ असे म्हणता येऊ लागले. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच संघटनेचे बळ होय.

आमचा छोटा प्रयोग

आता घरची गोष्ट. आमच्या औद्योगिक वसाहतीतील सहा कारखान्यांतील लेखापाल, विधी अधिकारी आणि मनुष्यबळ अधिकारी असे आम्ही काहीजण महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसू लागलो. पहिला नियम केला की प्रसंग सांगावा, नाव सांगू नये. दुसरा नियम असा की दर, निविदा आणि ग्राहक यांविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्याचे भान सुटले, तर नीतीच्या नावाखाली बसलेली बैठक स्वतःच अपराध ठरेल.

दिवाळीपूर्वी सर्व पुरवठादारांना आम्ही एकाच मजकुराचे पत्र धाडले की कोणत्याही अधिकाऱ्याच्या घरी भेटवस्तू पाठवू नये. एका कारखान्याचे पत्र कोणी मनावर घेत नसे, सहा कारखान्यांचे पत्र वाचले गेले. प्रशिक्षणाचा मजकूर मराठीत आणि हिंदीत, वीस मिनिटांत समजेल असा, सर्वांनी मिळून तयार केला आणि ठेकेदारांच्या कामगारांनाही दिला. तक्रार कोणत्याही परिस्थितीत संबंधित अधिकाऱ्याच्या हाती पडू नये, अशी वाट आखली. आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तक्रार करणाऱ्याची बदली, वेतनवाढ आणि रजा यांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्यावर टाकली. सूड बहुधा तक्रारीनंतर सहाव्या-सातव्या महिन्यात, सर्वांना विसर पडल्यावर उगविला जातो.

सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्याच वर्षी तक्रारींची संख्या वाढली आणि एका व्यवस्थापनाने घाबरून आपला माणूस बैठकीतून काढून घेतला. तक्रारी वाढणे हे आरंभी विश्वासाचे लक्षण असते, हे पटवून देण्यास आम्ही कमी पडलो. एक तक्रार पूर्णतः द्वेषमूलक निघाली आणि एका सज्जन अधिकाऱ्याला काही आठवडे मनस्ताप झाला. म्हणून आरोप झालेल्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निष्कर्ष काढावयाचा नाही, हेही आम्ही लिहून ठेवले.

हा तोल आपल्या पूर्वसूरींना ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोषाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. अपहार उघडकीस आणणाऱ्याला सिद्ध झालेल्या रकमेचा सहावा हिस्सा, आणि तो त्या खात्याचाच नोकर असल्यास बारावा हिस्सा देण्याची तरतूद आहे. खोटी सूचना देणाऱ्यास दंडही सांगितला आहे. चोरी होईल हे गृहीत धरून ती सांगणाऱ्याची सोय आधी करून ठेवणे, हा व्यवहारी शहाणपणा आपल्याला परका नाही. त्याचा केवळ अभिमान बाळगून भागणार नाही, तो आपल्या कारखान्याच्या फाटकाच्या आत यावयास हवा.

एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी एका लग्नकार्यात तो कारकून मला भेटला. आता त्याचे स्वतःचे लहानसे दुकान आहे. त्याने मला ओळखले, नमस्कार केला आणि विचारले, “साहेब, तो काटा बदलला का?” मी म्हणालो, “केव्हाच बदलला. आता संगणकीय काटा आहे, कॅमेरा आहे. ती माणसेही गेली.” त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मग सहज विचारल्यासारखा म्हणाला, “आणि माझा अर्ज? तो कोणी वाचला होता का?”

मला उत्तर देता आले नाही. आजही ते माझ्यापाशी नाही.

म्हणून आपणा सर्वांना एकच विनंती आहे. सोमवारी कामावर गेल्यावर धोरणाची चाळीस पाने बाजूला ठेवा आणि एक गोष्ट तपासा. आपल्या संस्थेतील सर्वांत कनिष्ठ माणसाने आज एक अर्ज लिहिला, तर तो कोणाच्या हाती पडेल? त्याचे उत्तर मनाला पटणारे नसेल, तर ती वाट बदलण्यासाठी शेजारच्या कारखान्यातील आपल्या व्यवसायबंधूला दूरध्वनी करा. एकट्याने बदलण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे. तो पुरा पडत नाही.