थरथरता हात आणि न ऐकू येणारा ध्वनी



पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या श्रोत्यांना अल्ट्रासाउंड नवा नाही. कास्टिंगच्या पोटात पोकळी राहिली आहे काय, हे पाहायला कारखान्यांतून हाच ध्वनी वापरतात. पण त्याच ध्वनीने मेंदूतला एक बिंदू जाळून हाताचा कंप थांबवता येतो, हे मला आज सांगायचे आहे.

माझ्या परिचयाचे एक टर्नर होते. मायक्रोमीटर हाती घेतला की हात थरथरे. सोबत्यांनी ठरवूनच टाकले, स्वारी पिऊन येते! बिचाऱ्यांनी चारचौघांत चहा घेणे सोडले. वास्तविक त्यांच्या वडिलांचाही हात असाच कापत असे. हा इसेन्शियल ट्रेमर. कंपवातात बहुधा स्वस्थ ठेवलेला हात हलतो. इथे काम करू लागताच हलतो. पुष्कळदा तो घराण्यातून येतो. यावर प्रथम प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या देतात. त्या सर्वांनाच पुरत नाहीत.

मग हा उपाय. डोक्याचे केस काढून ते चौकटीत घट्ट बसवतात. भोवतीच्या टोपात 1024 ध्वनिस्रोत असतात. भिंगाने ऊन एकवटावे तसा त्यांचा ध्वनी थॅलॅमसमधल्या एका ठिपक्यावर एकवटतो. एमआरआयवर तिथले तापमान दिसत असते. आधी बेताचे तापवून कंप कमी होतो का, ते पाहतात. मग 55 ते 60 अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. रोगी जागाच असतो. मधून मधून त्याला कागदावर वर्तुळे काढायला लावतात आणि वेडीवाकडी रेघ डोळ्यांदेखत सरळ होत जाते.

अमेरिकेत 2016 साली याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 76 रोगी होते. ज्या 56 जणांवर खरा उपचार झाला, त्यांचा हाताचा कंप तीन महिन्यांनी सरासरी 47 टक्के उतरला. नुसता देखावा केलेल्या 20 जणांत काहीच फरक नव्हता.

'बिनचिऱ्याचा उपचार' हे शब्द मात्र जपून ऐकावेत. कातडीला चिरा नसतो, पण मेंदूत जखम होते आणि ती कायमची असते. त्या चाचणीत कित्येकांना सुरुवातीला बधिरपणा आला, चालताना तोल गेला; वर्षानंतरही 14 टक्क्यांचा बधिरपणा आणि 9 टक्क्यांचा तोलाचा त्रास उरला होता. शिवाय काहींच्या कवटीचे हाडच ध्वनी आत जाऊ देत नाही. ते आधी सीटी स्कॅनवर पाहावे लागते.

आमच्या टर्नरांचे गोळ्यांवरच भागले. पण मेंदूच्या डॉक्टरांचा जिना चढायला त्यांना अकरा वर्षे लागली.